भरती, मीठ आणि आवाज: कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आजपासून भाग दोन. पहिल्या भागाचा ड्राफ्ट ज्यांना ज्यांना वाचायला दिला त्यातले बहुतेक एकच बोलले, जादू भारी आहे, शेवट भारी आहे, मधे जरा डोळा लागला. ताईचं म्हणणं मधले चॅप्टर छाटायचे. माझं म्हणणं छाटून भागणार नाही, मधल्या भागात जादूला काही खर्चच नाहीये म्हणून तो लांब वाटतो, पानं जास्त आहेत म्हणून नाही. जे फुकटात होतं ते वाचायला कोण थांबणार.

कामाची वाटणी तीच. ताई सीन लिहिते, मी नियम आणि कॅलेंडर सांभाळतो. ती अलिबागला, मी डोंबिवलीत, बाकी फोन आणि एक शेअर केलेली शीट.

आत्तापर्यंतचे नियम एकदा इथे टाकून ठेवतो म्हणजे शोधाशोध नको. खाडीकाठचे काही लोक पाणी भारतात, म्हणजे जादूने हवं तसं हलवतात, त्यांना आपण भारकरी म्हणतो. भारायचं तर खारं पाणी लागतं आणि ते भरतीचं लागतं. पूर्ण भरतीला ताकद सगळ्यात जास्त, पाणी उतरेल तशी तीही उतरते, पूर्ण ओहोटीला शून्य. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंतच हे चालतं, खाडीच्या वर गोड्या पाण्यात काही नाही. आणि किंमत अशी की ज्याने भारलं त्याचा आवाज जातो, पुढच्या पूर्ण भरतीपर्यंत तो मुका. दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ऐन भरतीला काम केलंत तर जवळपास अर्धा दिवस तोंडातून शब्द नाही.

ही आवाजाची किंमत पहिल्या भागात शोभेपुरतीच राहिली होती. दुसऱ्या भागात तिच्यावरच सगळं उभं करायचंय.

६ जून

भरतीची शीट तयार. कोकणात जुनी माणसं तोंडी हिशोब करतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसातून दोनदा, पहाटेची आणि दुपारची किंवा सकाळची आणि रात्रीची, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. बंदराबंदरात थोडा फरक पडतो पण कादंबरीला एवढं पुष्कळ झालं. आमच्या जगात घड्याळ नाही, तिथी मात्र शेंबड्या पोरालाही माहितीये, त्यामुळे हा हिशोब पात्रांच्याच तोंडी घालता येतो, लेखकाने मधे येऊन समजावत बसायला नको.

ताईने चॅप्टर ३ मधे अष्टमीच्या रात्री दहाला होडीवरचा हल्ला लिहिलाय आणि त्यात जुई, आपली नायिका, अख्खी लाट उभी करते. अष्टमी म्हणजे भरती संध्याकाळी सहाला, दहाला पाणी उतरून चार तास झालेले. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, मुळात पाणीच कमी चढतं. दर्यावर्दी लोकांचा एक बाराचा हिशोब असतो, ओहोटीच्या पहिल्या तासात बारातला एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे दहा वाजेपर्यंत बारातले नऊ भाग गेले. लाट सोडा, घागरभर पाणी हललं तरी नशीब.

ताईला फोन केला, म्हटलं तिथी बदलतेस की वेळ? ती म्हणाली, "थांब रे, काहीच बदलायचं नाही." तिला तो सीन तसाच हवाय, जुईकडे लाटेची ताकद नाहीये आणि हे जुईला माहितीये, आणि हल्ला करणारे मुद्दाम ही वेळ धरून आलेत कारण तिथीचा हिशोब त्यांनाही येतो. तिने रात्रीत तो नव्याने लिहून पाठवला. आता जुई लाट उभी करत नाही, फक्त नांगराचा दोर भिजलाय तेवढा भारते आणि तो सोडवते आणि होडी प्रवाहाबरोबर निघून जाते. बास. आधीपेक्षा तिप्पट वेगाने वाचला जातो हा सीन.

शिवाय एक गोष्ट शीटमुळेच दिसली. उतरत्या पाण्यात उशिरा केलेलं काम कमजोर, पण पुढची भरती जवळ असल्यामुळे मुकेपणाही कमी. दहाला दोर भारला तर सकाळी साडेसहापर्यंत, म्हणजे साडेआठच तास गप्प, संध्याकाळी सहाला काही केलं असतं तर त्याच सकाळपर्यंत पण साडेबारा तास. म्हणजे गरीब भारकरी ओहोटीची छोटी कामं घेणार आणि ज्यांच्यासाठी बोलायला नोकरचाकर आहेत ते ऐन भरतीची घेणार. हे कोणी ठरवलं नव्हतं, नियमातनंच निघालं.

११ जून

ऑफिसातून येताना लोकलमध्ये कर्णाच्या शक्तीचा विचार करत होतो. आपल्याकडे लोक म्हणतात फँटसीतले कडक नियम ही परदेशी चीज, आपलं सगळं चमत्कारावर. काहीही. महाभारताइतकी अटी-शर्तींची जादू कुठे आहे दाखवा. इंद्र कर्णाची कवचकुंडलं मागून नेतो आणि बदल्यात शक्ती नावाचं अस्त्र देतो, पण कशी, तर एकदाच चालणार, एकालाच मारणार, मग परत इंद्राकडे जाणार, आणि जिवावर बेतलेलं नसताना, दुसरी अस्त्रं हाताशी असताना उगाच सोडलीस तर तुझ्यावरच उलटेल. हे घडतं वनपर्वात, म्हणजे तिसऱ्या पर्वात. वापरली जाते द्रोणपर्वात, म्हणजे सातव्यात, तीही अर्जुनावर नाही तर रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर. मधली सगळी पर्वं ऐकणाऱ्याला माहितीये की कर्णाकडे एक गोळी आहे आणि ती एकच आहे. घटोत्कच पडल्यावर पांडव रडतात आणि कृष्ण नाचतो, आणि तो का नाचतो हे आपल्याला न सांगता कळतं कारण नियम आपल्याला आधीच पाठ आहे.

जयद्रथाचंही तेच. ज्याच्या हातून त्याचं डोकं जमिनीवर पडेल त्याच्या डोक्याची शकलं होतील हा बापाचा वर, म्हणून अर्जुन ते डोकं बाणांनी उडवत नेऊन त्या बापाच्याच मांडीवर टाकतो. वर मोडला नाही, वाकवलाही नाही, शब्दशः पाळला.

मला यातून घ्यायचंय ते पेसिंगसाठी. वेग म्हणजे दर पानाला मारामारी नव्हे. वाचकाला शिल्लक किती आहे हे माहिती असलं आणि ती कधी खर्च होणार हे माहिती नसलं की तो शांत चॅप्टरसुद्धा पटापट वाचतो. भाग एकच्या मधे नेमकं हेच नाहीये, तिथे जुईकडे किती शिल्लक आहे हे कुणालाच कळत नाही. तिलाही नाही, आम्हालाही नाही.

ताईला व्हॉइस नोट पाठवली, तिचं उत्तर फक्त "हं. मग आपली शक्ती कुठली?" आता हा प्रश्न घेऊन झोपायचं.

१२ जून

छोटीशी भर. वेताळ पंचविशी. राजा बोलला तर वेताळ परत झाडावर, उत्तर माहिती असून गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. नियम दीड ओळीचा, आणि त्याच्यावर आख्खी मालिका चालते, प्रत्येक गोष्टीचा शेवट तोच आणि तरी पुढची ऐकावीशी वाटते. आणि सुटका कशी होते, तर राजाला शेवटच्या कोड्याचं उत्तर खरंच येत नाही म्हणून तो गप्प राहतो. नवीन मंत्र नाही, देव प्रकट होत नाही. नियमातली पहिल्यापासून असलेली फट, तिच्यातून बाहेर. अशी फट आपल्या नियमात कुठे आहे ते शोधायचं.

१९ जून

आज ताईशी बराच वेळ फोन, विषय मोठ्या मालिका मधे का रुततात. ती गेम ऑफ थ्रोन्सवाल्या जॉर्ज मार्टिनची भक्त, मी रॉबर्ट जॉर्डनचा, त्यामुळे दोघांकडे जखमा आहेत.

जॉर्डनची द व्हील ऑफ टाइम १९९० ला सुरू झाली, मुख्य मालिकेचे १४ खंड, शेवटचा २०१३ ला. २००७ मध्ये जॉर्डन वारला, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पूर्ण केले. २००३ साली आलेला दहावा खंड वाचकांमध्ये सगळ्यात संथ म्हणून बदनाम आहे, आणि कारण पानसंख्या नाहीये. नवव्याच्या शेवटी जादूच्या बाबतीत एक प्रचंड मोठी घटना घडते आणि दहाव्याचा बराच भाग वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी त्याच सुमाराला काय करत होती यात जातो. म्हणजे घड्याळ मागे फिरवलं. वाचक पुढे आलाय आणि गोष्ट मागे गेलीये, मग तुम्ही कितीही सुंदर लिहा, त्याचा पाय जमिनीला लागत नाही. मला जॉर्डन तरीही आवडतो हे नोंदवून ठेवतो.

मार्टिनचंही कुळ तेच. पहिले तीन खंड १९९६, १९९८, २०००, मग चौथा २००५ आणि पाचवा २०११. मधे कथेत पाच वर्षांची उडी मारायचा बेत होता तो सोडला, आणि मग मजकूर इतका वाढला की पात्रं जागेनुसार वाटून दोन पुस्तकं केली, बराच काळ दोन्ही समांतर चालतात. म्हणजे ताईच्या आवडत्या पात्राला भेटायला तिने २००० नंतर थेट २०११ गाठलं. ती अजून चिडते.

यावरून एक नियम ठरवला आणि शीटच्या पहिल्या ओळीत लिहिला. आपले तीन धागे आहेत, जुईचा, खाडीतल्या आईचा आणि घाटमाथ्यावर कैदेत असलेल्या बापाचा. धागा बदलताना एका पंधरवड्यापेक्षा मागे जायचं नाही. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत जे झालं ते झालं, पुढचं उधाण आलं की तिन्ही धागे एकाच दिवशी. ताई म्हणाली फार यांत्रिक होईल. होऊ दे, पहिला ड्राफ्ट यांत्रिक असला तर दुसऱ्यात मोडता येतो, पसरट असला तर काय मोडणार.

सँडरसनचा २००७ चा एक निबंध आहे जादूच्या पहिल्या नियमावर, मथळा मोठा पण मुद्दा साधा. वाचकाला जादू जितकी समजली असेल तितकीच ती अडचण सोडवायला वापरावी. उलटं मात्र चालतं, जी समजलेली नाही अशी जादू अडचण निर्माण करायला खुशाल वापरा. आपल्या दर्याचं तसंच ठेवायचं. भारकऱ्यांचे नियम स्वच्छ, पण मुळात समुद्राला हे का जमतं ते कधीच सांगायचं नाही. ताईने "कधीच" च्या खाली दोन रेघा मारायला सांगितल्यात. मारल्या.

२५ जून

पाऊस, लोकल बंद, घरून काम, म्हणजे कादंबरीचं काम. ताईने अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याचे फोटो पाठवले. ओहोटीला माणसं चालत जातात, घोडागाड्या जातात, आणि भरतीला तोच किल्ला पाण्यात. तिचं म्हणणं, लहानपणापासून बघतेय, तिथला माणूस वेळ विचारत नाही, पाणी विचारतो. "पाणी केव्हा लागतंय?" हे वाक्य तिने तसंच्या तसं जुईच्या आईला दिलंय आणि आता पूर्ण कादंबरीतून "किती वाजले" काढून टाकायचं ठरलंय. सर्च करून बघतो किती ठिकाणी आहे.

३० जून

मोठा प्रश्न. भाग दोनमध्ये जुई घाट चढणार, बापाला सोडवायला. घाटमाथ्यावर भरती नाही. म्हणजे नायिका पुस्तकाच्या दोन तृतीयांश भागात रिकाम्या हाताने. इथे सगळ्या मालिका दुसरी जादू आणतात, डोंगराची जादू, आगीची जादू, कुणीतरी म्हातारा गुरू भेटतो. मला नको. नवीन आणायच्या आधी आहे ते ताणून बघावं.

आहे काय? खारं पाणी. वाळवलं की मीठ. आणि मीठ घाट चढतंच की! कोकणातलं मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाटावर जायचं आणि परतीला धान्य यायचं, शतकानुशतकं हाच व्यवहार. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला लेख आहे, वर तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. म्हणजे रस्ता तयार, जकातनाका तयार, खलनायकाला करायला काम तयार. घाटावरचा सरदार मीठ का अडवतो हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

तर नवीन कलम, जुन्याच नियमाचं पोटकलम म्हणा. भरतीचं पाणी मिठागरात घेऊन ते भारलेलं असतानाच कोंडलं आणि वाळवलं, तर जे मीठ तयार होतं त्यात ती ताकद राहते. थोडी राहते. वापरायचं तर विरघळवायचं, म्हणजे एकदाच. मूठभर मीठ म्हणजे एक छोटं काम.

आणि मग खरी गंमत, जी आम्ही शोधली नाही, मिठातच होती. पेण, उरण, भाईंदरकडची मिठागरं उन्हात चालतात, पहिला पाऊस पडला की काम बंद. म्हणजे जादूचा साठा मोसमी. आणि कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात, म्हणून पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. पाणी सुटलं म्हणजे विरघळलं. विरघळलं म्हणजे ताकद गळली! जुई घाटावर असताना मृग लागला तर तिच्या पिशवीतली जादू दर दिवशी आपोआप कमी होणार, तिने काही केलं नाही तरी. दुसरं टाइमबॉम्ब वगैरे लावायची गरज नाही, आकाशात ढग आले की वाचक घाबरणार.

ताई ऐकून आधी गप्प, मग म्हणाली मिठात तांदळाचे दाणे टाकतील ना रे ते लोक. टाकतीलच. जुईच्या आजीने पिशवीत तांदूळ घालून दिलेत, चॅप्टर ५. कुणाला वाटेल शिदोरी.

८ जुलै

भांडण. ताईला शेवटाकडे एक सीन हवाय, मीठ संपलेलं, बाप समोर, दार बंद, जुई रडते, आणि अश्रू खारे असतात. अश्रूंनी दार उघडतं. तिने लिहूनच पाठवला आणि वाईट गोष्ट अशी की सीन फार चांगला आहे.

माझी हरकत अशी. पहिल्या भागात राघो ओहोटीला मरतो. खाडीच्या चिखलात, पाणी हाताच्या अंतरावरून निघून गेलेलं, आणि त्याची आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडते. त्याची आई भारकरी आहे. अश्रू चालत असते तर तिने त्याला वाचवला असता. आपण दुसऱ्या भागात एक दार उघडतो आणि पहिल्या भागातलं मरण मूर्खपणाचं ठरतं. मालिकेत नियम वाढवताना पुढे काय होईल यापेक्षा मागे काय होतं ते आधी बघावं लागतं, कारण मागचा भाग लोकांनी वाचलाय, तो त्यांच्या डोक्यातून पुसता येत नाही.

हॅरी पॉटरमध्ये बघ म्हटलं, तिसऱ्या भागात १९९९ ला काळ मागे फिरवणारं यंत्र आलं, गोष्ट झकास झाली, पण मग प्रत्येक वाचक विचारणार की प्रत्येक संकटात तेच का वापरत नाही. २००३ च्या पाचव्या भागात मंत्रालयातला त्या यंत्रांचा अख्खा साठाच फुटतो. तेवढी मोठी लेखिका, तिलाही दार नंतर बंद करावं लागलं. आपण उघडूच नये.

ताई म्हणे तू प्रत्येक गोष्टीचा हिशोब करतोस, रडण्याचाही करणार. मी म्हटलं अश्रूंना भरती नसते. फोन ठेवला तिने.

रात्री उशिरा मेसेज, "ती रडेल. अश्रू दाराला लावेल. काहीच होणार नाही. आणि तिला राघोची आई आठवेल, की तिनेही हेच करून बघितलं असेल."

घ्या. हा सीन आधीच्यापेक्षा चांगला आहे आणि नियमाचं एक अक्षर हललं नाही. मी फक्त थम्स अप पाठवला, जास्त बोलायची हिंमत नव्हती.

९ जुलै

सकाळी दात घासताना सुचलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. किंमत काय? आवाज जातो, पुढच्या पूर्ण भरतीपर्यंत. घाटावर भरती नाही. म्हणजे घाटावर जुईने मीठ वापरलं तर आवाज परत कधी येणार? खाली खाडीवर उतरून पाण्यात उभी राहील तेव्हा. दिवस, आठवडे, महिने, जे काय लागेल ते.

हे पहिल्या दिवसापासून नियमात लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघांनी कधी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. कर्णाची शक्ती मिळाली. मुठी कितीही असोत, पहिली मूठ वापरली की आवाज गेला, म्हणजे पहिली मूठ सगळ्यात महाग आणि दुसरीपासून पुढे जवळजवळ फुकट. त्यामुळे जुई पहिली मूठ टाळत राहणार. जिथे सहज सुटली असती तिथे चालत जाणार, भीक मागणार, खोटं बोलणार, कारण खोटं बोलायलाही आवाज लागतो.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ती बापाला भेटेल तेव्हा मुकी असेल?" तेच तर ठरवायचंय.

१७ जुलै

आषाढी. सुट्टी, शेजारी सकाळपासून अभंग, आणि आम्ही पहिली मूठ कुठे ठेवायची यावर अडलोय. एकूण चॅप्टर २४ धरलेत.

लवकर ठेवली, समजा नवव्यात, तर पुढचं दीड दशक चॅप्टर नायिका मुकी. जुईचे संवाद म्हणजे ताईची सगळ्यात मोठी ताकद, ती काढून घेतली तर पुस्तक वर्णनात बुडेल. उशिरा ठेवली, विसाव्यात, तर मधल्या भागात ती वापरणार की नाही हा एकच ताण आणि तो इतका लांब टिकत नाही, वाचकाला कळतं की लेखक हात आखडून बसलाय.

सध्याचा तोडगा: चौदावा. बरोबर मधे नाही, थोडं पुढे. आणि कारण क्षुल्लक वाटलं पाहिजे. बापासाठी नाही, मोठ्या लढाईत नाही, तर वाटेतल्या एका लमाण बाईचं पोर ओढ्यात वाहून जातंय म्हणून. जिच्यासाठी घाट चढली ते काम अजून पुढेच आहे आणि आवाज इथेच गेला. ताईला हे लगेच पटलं, तिला मोठ्या लढाईत जादू वापरण्याचा पहिल्यापासून कंटाळा आहे.

मग पंधरा ते वीस मुकेपणाचे चॅप्टर छोटे ठेवायचे, आणि तिथे आईचा धागा जास्त चालवायचा. खाली खाडीत आई बडबडी, भांडखोर, तिच्या चॅप्टरमध्ये संवादच संवाद. एक गप्प, एक बोलकी, लय आपोआप बसते. ताईने ऐनवेळी विचारलं की जुईला लिहिता येतं का? आलं तर मुकेपणाची धार गेली. तर नाही येत, आणि हे चॅप्टर १ मध्येच कुठेतरी सहज जायला हवं, चौदाव्यात सांगितलं तर लबाडी वाटेल. नोंद केली.

२ ऑगस्ट

प्रवासाचं. गेम ऑफ थ्रोन्सच्या मालिकेवर २०१७ च्या सातव्या सीझनला लोक तुटून पडले होते, सातच भाग, आणि पहिल्या सीझनमध्ये ज्या प्रवासाला आठवडे लागायचे तसले प्रवास आता एका सीनमधून दुसऱ्या सीनमध्ये. ड्रॅगन आहे हे लोकांनी मानलं, अंतर आटलं ते मानलं नाही. माझ्या मते प्रेक्षकांचं बरोबर होतं. ड्रॅगन हा नियम आहे, अंतर हे वचन आहे, पहिल्या सीझनने दिलेलं.

म्हणून आपला तांडा बैलाच्या चालीनेच जाणार, उतरताना सुद्धा. चढायला जेवढे मुक्काम तेवढेच उतरायला, फक्त उतरताना पाऊस आहे, ओढे फुगलेत, आणि वाचकाला ती वाट माहितीची आहे त्यामुळे पानं कमी लागतील. वेळ तोच, पानं कमी. शीटमध्ये आता दोन रकाने, कथेतले दिवस आणि लागलेली पानं. चॅप्टर १७ मध्ये एका दिवसाला २१ पानं गेलीत आणि त्या दिवशी घडलंय काय तर जकातनाक्यावर वाट बघणं. ताई म्हणते ती वाट बघणंच महत्त्वाचं. वाचून बघितलं, खरंय, पण २१ नको, १२ पुरे. तिने १४ ला सौदा तोडला.

शेवटाची तिथी ठरली, नारळी पौर्णिमा. सुरुवात होळी पौर्णिमेला, मिठागरं जोरात, वैशाखात घाट, मृगात मिठाला पाणी, श्रावणात परत खाडीवर, होड्या पुन्हा दर्यात जाण्याच्या दिवशी, उधाणाची भरती, दुपारी बाराच्या आत. सगळी खाडी काठावर असणार त्यामुळे जुईला एकांत मिळणार नाही आणि मला तो द्यायचाही नाहीये.

१९ ऑगस्ट

आज खरीच नारळी पौर्णिमा. ताईकडे नारळीभात, माझ्याकडे त्याचा फोटो.

चॅप्टर २४ सोडून ड्राफ्ट पूर्ण. २४ अडलाय कारण आवाज परत आल्यावर जुई पहिलं काय बोलते ते ठरत नाहीये. ताईचे तीन पर्याय आहेत. बापाला हाक, राघोचं नाव, आणि तिसरा म्हणजे नारळ महाग लावतोय म्हणून विक्रेत्याशी भांडण. माझं मत तिसऱ्याला, ताईचं रोज बदलतं. हाक मारली तर बाप बाजूलाच उभा आहे, हाक कशाला? राघोचं नाव घेतलं तर वाचक रडेल पण ते अपेक्षित आहे.

बाकी कामं: चॅप्टर १ मध्ये लिहिता न येण्याची ओळ अजून गेलेली नाही. चॅप्टर ११ मध्ये दशमीच्या मध्यरात्री भरती दाखवलीये, दशमी म्हणजे साडेसात, तिथी हलवायची की सीन, ते ताईने सांगायचं. पंधरा ते वीसमध्ये आईचे संवाद कुठे कुठे जास्तच झालेत, एक पूर्ण पान तिसऱ्या भागासाठी बाजूला काढलंय. आणि मिठाची शिल्लक चॅप्टर १८ नंतर शीटमध्ये भरलेली नाही, ती मी रविवारपर्यंत भरतो, तांदळाच्या दाण्यांसकट.